पडण्याआधीचं काम : कोथरूडच्या प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, ९ जून २०२५

आजपासून काम सुरू. गटात दोन प्रकारची माणसं आहेत. एक, कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सत्तरीपुढचे सभासद. दोन, घरी त्यांचं सगळं बघणारे: सून, मुलगा, नवऱ्याचं करता करता स्वतःच सत्तरीला टेकलेली बायको, मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून पगारावर आलेली मावशी. वहीच्या पहिल्या पानावर हेतू लिहिला: घरात आणि जिन्यात पडण्याचे प्रसंग कमी करायचे.

बैठकीत विषय बरेच निघाले. विस्मरण, एकटेपणा, साखर, गुडघे. मी पडण्याचाच आग्रह धरला. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे माणूस येतो तो खुब्याचं हाड मोडल्यावर, आणि तोवर त्याच्या घरातलं सगळं बदललेलं असतं. एक काका म्हणाले, "वय झालं की माणूस पडायचाच." अर्धं खरं आहे. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या ३३६ जणांचा वर्षभर मागोवा घेतला होता, त्यातले ३२ टक्के किमान एकदा पडले. पण वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसं एकत्र तपासली, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी दिसलं. हजार ज्येष्ठांचं वर्ष धरलं तर ८५० वेळा पडण्याऐवजी ६५५ वेळा. औषधाच्या गोळीने एवढं साधलं असतं तर ती प्रत्येक घरात असती.

या वहीत प्रत्येक उपायापुढे मी त्याचा पुरावा किती पक्का आहे ते लिहिणार आहे. भक्कम, मध्यम किंवा कच्चा.

गुरुवार, १२ जून

संघाच्या हॉलमध्ये मोजणी. हातांविना खुर्ची, बसायची उंची ४३ सेंटिमीटर, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकच्या खुर्च्या बाजूला केल्या, त्या उठताना मागे सरकतात.

तीन मोजमापं घेतली. पहिलं, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं. दुसरं, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात. बारा किंवा जास्त लागले तर धोका धरायचा. तिसरं, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून दहा सेकंद उभं राहणं. ही कोष्टकं सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राची आहेत. ७० ते ७४ वयात पुरुष १२ पेक्षा कमी आणि बाई १० पेक्षा कमी वेळा उठली तर पायांची ताकद सरासरीखाली समजतात.

रोज सकाळी कमला नेहरू उद्यानात फेऱ्या मारणारे एक काका टाच-बोट स्थितीत चार सेकंदही टिकले नाहीत. त्यांना त्याचं वाईट वाटलं. मला मात्र ते आत्ता कळलं याचं बरं वाटलं.

सोमवार, १६ जून

घरभेटी सुरू. कोणाच्या घरी आधी जायचं हे ठरवताना २०२३ चा कॉक्रेन आढावा समोर ठेवला. घरातले धोके काढून टाकल्याने पडणं एकूण २६ टक्क्यांनी घटतं. मात्र जे आधी पडले आहेत किंवा ज्यांना आधार लागतो त्यांच्यात ही घट ३८ टक्के आहे, आणि ज्यांना फारसा धोका नाही त्यांच्यात जवळपास काहीच नाही. म्हणून गेल्या वर्षात पडलेल्यांची घरं आधी. आमच्याकडे प्लंबरचे दिवस मोजके आहेत. पुरावा: मध्यम, पण निवड नीट केली तर उपयोग मोठा.

पहिलं घर जुन्या सोसायटीतलं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजींचं वय ८१, मार्चमध्ये बाथरूमच्या दारात पडलेल्या. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा तीन बोटं खाली आणि दोन्हीकडची लादी त्याच पांढऱ्या रंगाची, त्यामुळे कड दिसतच नाही. कडेला पिवळी खरखरीत पट्टी चिकटवली. बाहेरचं पायपुसणं घसरत होतं, त्याखाली रबरी जाळी घातली.

खरा धोका टॉवेल रॉडचा. आजी कमोडवरून उठताना तोच धरतात. तो दोन बारीक स्क्रूंवर, प्लास्टिकच्या गिट्ट्यांत बसवलेला. टॉवेलाचं वजन पेलतो, माणसाचं नाही. जवळपास प्रत्येक घरात हेच दिसणार असं वाटतं. त्या जागी स्टीलची जाड दांडी लावायची, ती भिंतीत अँकर फास्टनर ठोकून, आणि उंची पट्टीने न ठरवता आजींना कमोडवर बसवून त्यांचा हात जिथे आपसूक जातो तिथे. प्लंबरदादांनी हे लगेच उचललं. लादीवर खूण करून आजींकडून एकदा उठून-बसून घेतलं, मगच ड्रिल चालवलं.

पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्रीचा दिवा. वाटेत देवघराचा पाट होता, तो आजींनीच सांगून भिंतीला लावून घेतला.

निघताना सूनबाई म्हणाल्या, "मी तर आता यांना काहीच करू देत नाही. जागेवर चहा, जागेवर जेवण." आजी गप्प होत्या. तीन महिन्यांपूर्वी स्वतः जिना उतरून भाजी आणणारी बाई आज खुर्चीतून हातांशिवाय तीनदाही उठू शकली नाही. हे पडण्यामुळे झालेलं नाही, पडल्यानंतरच्या काळजीमुळे झालेलं आहे.

शुक्रवार, २० जून

आज पालख्या पुण्यात. रस्ते बंद, घरभेट नाही.

फोनवर एका आजोबांनी विचारलं, की आमच्याकडची सत्तरीची माणसं पंढरपूरपर्यंत चालतात, मग चालणं पुरे नाही का? चांगला प्रश्न. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं का, याचा पुरावा कच्चा आहे. तोल सुधारायचा तर तोलाला थोडं आव्हान हवं: एका पायावर उभं राहणं, टाचेपुढे टाच टाकणं, वळणं, खाली वाकून वस्तू उचलणं, आणि जोडीला मांड्या-पोटऱ्यांची ताकद. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस हेच सांगते, ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद.

बुधवार, २ जुलै

औषधांची पिशवी घेऊन या, असा निरोप दिला होता. पट्ट्या, बाटल्या, आयुर्वेदिक काढे, मुलीने परदेशातून पाठवलेले डबे, सगळं. संघातल्या निवृत्त फार्मासिस्ट काकूंनी टेबल मांडलं.

दोन डॉक्टरांकडून दोन वेगळ्या नावांनी आलेली एकच रक्तदाबाची गोळी. सर्दीसाठी घरात कायम असणारी क्लोरफेनिरामिन, जी पेंग आणते. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, जी उभं राहताना दाब खाली आणू शकते. आणि झोपेची गोळी. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, पूर्वी कधीतरी महिनाभरासाठी लिहून दिलेली आणि तेव्हापासून चालूच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या, ज्येष्ठांना धोक्याच्या औषधांच्या बीअर्स यादीत (आवृत्ती २०२३ ची) हा गट ज्येष्ठांनी टाळावा असाच आहे, कारण पडणं, हाड मोडणं आणि गोंधळ वाढतो.

इथे आमची हद्द स्पष्ट ठेवली आहे. कोणतीही गोळी आम्ही बंद करत नाही. झोपेची गोळी एकदम थांबवली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या हिशोबाने उतरवावी लागते. आम्ही फक्त यादी करून, प्रश्न लिहून ती डॉक्टरांकडे नेण्यासाठी हातात देतो. हे लहान काम वाटेल, पण क्युबेकमध्ये २०१४ साली झालेल्या चाचणीत औषधाच्या दुकानांमार्फत ज्येष्ठांना फक्त समजेल अशी पुस्तिका दिली, तर सहा महिन्यांत २७ टक्के जणांची गोळी सुटली, न दिलेल्यांत ५ टक्के. आम्ही मराठीत एक पानी पत्रक करतो आहोत, सोळा पॉइंटच्या टायपात.

झोपून आणि उभ्याने दाबही घेतला. पाच मिनिटं आडवं, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. अशी माणसं निघाली, आणि त्यांना कोणी कधी उभं करून दाब मोजलेला नव्हता.

शुक्रवार, ४ जुलै

परवा आषाढी. मधुमेहाच्या प्रत्येकाला फोन. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोट रिकामं राहिलं तर साखर उतरून चक्कर येते, आणि साबुदाणा खाल्ला तर ती आधी चढते. उपास मोडा असं म्हणायचा मला अधिकार नाही. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीचा डोस ठरवा, ग्लुकोमीटर हाताशी ठेवा, ताक-पाणी चालू ठेवा, एवढंच सांगितलं.

गुरुवार, १७ जुलै

सांभाळणाऱ्यांची बैठक. ज्येष्ठांना मुद्दाम बोलावलं नाही. संपूर्ण प्रकल्पात मला सगळ्यात जास्त शिकवणारी संध्याकाळ.

सुरुवातीला सगळे आपापल्या माणसाबद्दल बोलत होते. ऐकत नाहीत, रात्री हाक न मारता उठतात, काठी कोपऱ्यात ठेवतात. मग एक मुलगा म्हणाला, "मी बाबांना उठूच देत नाही. ते पडले तर निस्तरायचं मलाच आहे, ऑफिसची सुट्टी संपली आहे." कोणी त्याला नावं ठेवली नाहीत. उलट माना हलल्या.

मग ब्युरोतून येणाऱ्या मावशी बोलल्या. बारा तासांची ड्यूटी. "पेशंट माझ्या ड्यूटीत पडला की माझं काम गेलं, ताई. बसून राहिला तर कोणी काही बोलत नाही." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. आजोबांनी चालावं असं आपण म्हणतो आणि चालवण्याचा सगळा धोका दिवसाच्या रोजावर असलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवतो. ज्या ज्या घरी मावशी आहेत तिथे आता घरच्यांच्या तोंडून, मावशींच्या समोर, एक गोष्ट ठरवून घेणार आहे: ठरलेला व्यायाम ठरल्या पद्धतीने करताना काही झालं तर दोष मावशींचा नाही. त्याशिवाय माझ्या व्यायामाच्या तक्त्यांना अर्थ नाही.

मी त्यांना सिडनीतल्या २०१२ च्या चाचणीबद्दल सांगितलं. सत्तरीपुढचे, आधी पडलेले ३१७ जण. एका गटाला व्यायामाचा वेगळा वेळच दिला नाही, रोजच्या कामांत तोल आणि ताकद गुंफली. ओट्याशी उभं असताना टाचेला बोटं लावून उभं राहायचं, खालच्या कप्प्यातलं काढताना गुडघ्यातून वाकायचं. त्या गटात पडणं ३१ टक्क्यांनी कमी झालं. आपल्या घरांत हे सहज बसतं. म्हणून प्रत्येकाला विचारलं, तुमच्या माणसाची उभ्याने करायची तीन कामं कोणती? स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेणं. ओट्याला एक हात लावून भाजी निवडणं. कपड्यांच्या घड्या. फुलं काढून आणणं. यादी त्यांनीच केली. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई लिहिताना थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चहा आणून द्यायचा नाही." मी म्हटलं, चहा करून ओट्यावर ठेवा, शेजारी उभ्या राहा, आणि त्यांना येऊ द्या.

नंतर पाठीवर बोललो. माणसाला काखेत धरून ओढायचं नाही. त्याचा खांदा आणि आपली कंबर दोन्ही जातात. त्याला पुढे सरकून कडेवर बसू द्यायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, मग "एक, दोन, उठा". कमरेला रुंद पट्टा असला की धरायला जागा मिळते. सगळ्यांनी एकमेकांवर करून पाहिलं.

शेवटी झोपेचं निघालं. एक काकू रात्रीतून चार वेळा उठतात, वर्ष झालं. १९९९ साली शुल्झ आणि बीच यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदाराला सांभाळणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या ज्येष्ठांत चार वर्षांतला मृत्यूचा धोका, ज्यांच्यावर अशी जबाबदारीच नाही अशांपेक्षा, ६३ टक्क्यांनी जास्त होता. सांभाळत असूनही ताण नसलेल्यांत असा वाढलेला धोका दिसला नाही. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ताण कमी करता येतो. संघाचे दोन सभासद आठवड्यातून दोन दुपारी घरी जाऊन बसायला तयार झाले आहेत, म्हणजे त्या काकूंना झोपता येईल.

बुधवार, ३० जुलै

जमिनीवरून उठायचा सराव. सतरंज्या अंथरून, शेजारी भक्कम खुर्ची.

पडल्यावर आधी पडूनच राहायचं, हातपाय हलवून बघायचे. खुबा दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, डोक्याला लागलं असेल तर उठायचं नाही, १०८ ला फोन. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखाना. काही नसेल तर कुशीवर, मग कोपरावर, मग दोन्ही हात-गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, हात बैठकीवर, जोरकस पाय पुढे, आणि वर.

गटातल्या कित्येकांनी जमिनीवर बसणं वर्षानुवर्षं सोडलं होतं. पहिल्यांदा वर आल्यावर एका आजींनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

सोमवार, ११ ऑगस्ट

दोन गोष्टी, थोडक्यात.

ड जीवनसत्त्व. "हाडांसाठी आठवड्याला पुडी घेतो, मग व्यायाम कशाला?" कमतरता तपासून डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्यावंच. पण पडणं टाळण्याचा उपाय म्हणून सरसकट घेण्याचा उपयोग दिसत नाही. ऑस्ट्रेलियात २२५६ वृद्ध स्त्रियांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा डोस दिला, तर पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं. जास्त म्हणजे चांगलं, हे इथे लागू नाही.

मोतीबिंदू. "पिकू दे, मग काढू" अजून ऐकू येतं. ते जुन्या शस्त्रक्रियेच्या काळचं आहे. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सत्तरीपुढच्या ज्या स्त्रियांची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली त्यांच्यात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. दोघांना तपासणीची वेळ आजच घेऊन दिली.

खर्चाचा प्रश्न असलेल्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे अर्ज भरले. ६५ वर्षांवरील, मर्यादित उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये मिळतात.

सोमवार, २५ ऑगस्ट

गणपती दोन दिवसांवर. स्टुलावर चढून माळ्यावरचं मखर काढायचं काम नातवंडांना द्या, असा निरोप शनिवारी पाठवला होता. तरी एक आजोबा चढले, पडले. हॉलमध्ये शिकवल्याप्रमाणे रांगत सोफ्यापर्यंत गेले, आजींनी ओढलं नाही, खुर्ची आणून दिली. मनगटाला बारीक तडा, प्लास्टर. खुबा शाबूत.

आज भेटायला गेले तर आजी आमच्या व्यायामवर्गावर संतापलेल्या. "आता क्लास बंद. त्या क्लासमुळेच यांना वाटायला लागलं की आपण तिशीत आहोत." वाद घातला नाही. भीती खरी आहे, बत्तीस पायऱ्यांच्या त्या घरात त्या दोघांशिवाय कोणी नाही. गणपती झाल्यावर येते म्हणाले.

सोमवार, ८ सप्टेंबर

परवा विसर्जन झालं, आज त्यांच्याकडे गेले. आजोबांच्या व्यायामावर बोलण्याऐवजी आजींनाच म्हटलं, एकदा तुम्ही खुर्चीतून उठून दाखवता? वय ७२. तीस सेकंदांत सात वेळा. आजोबा जूनमध्ये तेरा वेळा उठले होते. आजी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे यांना धरायला उभी असते ती मीच आधी पडणार." त्या आता गटात येणार आहेत, आणि आजोबाही त्यांच्याबरोबर.

यावरून मोजणीचा नियम बदलला: सांभाळणारा माणूस साठीपुढचा असेल तर त्याचीही तिन्ही मोजमापं, त्याच दिवशी, त्याच खुर्चीत.

संघाच्या कार्यकारिणीत कोणीतरी सुचवलं, की पुढच्या टप्प्यात फक्त तपासणी शिबिरं आणि सल्ल्याचं पत्रक करू, म्हणजे जास्त लोकांपर्यंत पोचू. मी विरोध नोंदवला. २०२० साली अमेरिकेत ५४५१ ज्येष्ठांवर झालेल्या मोठ्या चाचणीत नर्सने प्रत्येकाचे धोके तपासून त्याच्यासाठी योजना आखली, पुढची अंमलबजावणी बरीचशी त्या माणसावर आणि त्याच्या डॉक्टरांवर राहिली. गंभीर दुखापतींतली घट फक्त ८ टक्के, तीही योगायोगाची असू शकेल इतकी. माझं वाचन असं, की सल्ला आणि भिंतीतली दांडी यांच्यामध्ये जे अंतर असतं ते घरच्यांनी आपापलं पार करावं अशी अपेक्षा ठेवली की काम तिथेच थांबतं. कमी घरं घेऊ, पण प्लंबर सोबत नेऊ. आठवड्यात तीन तासांचा व्यायाम भरला पाहिजे, कारण तेवढा वेळ आणि तोलाला खरं आव्हान असलेल्या वर्गांतच फायदा सगळ्यात मोठा दिसला आहे.

चर्चा लांबली, ठराव झाला: घरं कमी, प्लंबर कायम.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आज हात न लावता सहा वेळा उठल्या. सूनबाईंनी मोबाइलवर सेकंद मोजले.

पुढच्या सोमवारपासून दुसरी तुकडी. फास्टनर संपलेत, आणायचे. मावशींसाठी वेगळा वर्ग ब्युरोच्या ड्यूटी बदलण्याच्या वेळेला, संध्याकाळी सात वाजता, आणि त्या तासाचा मोबदला संघ देईल.